कालचं पाणी

सरकारी रेडिओवर रोज दुपारी एकला सात नद्यांची पातळी सांगत. एकोणीस वर्षं ती एकच निवेदिका वाचत होती. ऐकणारे किती, देव जाणे. पण एक श्रोता पक्का होता, तिचे वडील. पुलाच्या खांबावरचे आकडे वाचून पाणी मोजण्यात त्यांचा जन्म गेला होता. शिळा आकडा म्हणजे खोटा आकडा, हे त्यांनीच तिला शिकवलेलं. आता त्यांना मुलगी ओळखू येत नसे. घरात ते तिला "बाई" म्हणत, चहा दिला की आभार मानत. रेडिओवर आवाज आला की मात्र सोबतीच्या मावशींना दटावत, "गप्प बसा, माझी छकुली बोलतेय," आणि वहीत आकडे उतरवत. दिवसातली तेवढी पाच मिनिटं तिला बाप होता.

सभागृहात रेडिओच्या अनुदानावरून महिनाभर जुंपली होती. सत्ताधारी म्हणाले, आमचं खातात आणि आमच्यावरच उलटतात. विरोधक म्हणाले, हे तर तुमचेच पोपट. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी राहिला, अनुदान गेलं आणि रेडिओ बंद करायचं ठरलं. नद्यांचं नाव कुणी काढलंसुद्धा नाही, याची तिला चीड आली.

शेवटच्या दिवशी तिने रिवाजाप्रमाणे प्रत्येक आकडा दोनदा वाचला. निरोपाचं काही बोलली नाही. वडील घाबरले असते. तंत्रज्ञाने आकड्यांचा कागद तिच्याच हातात ठेवला. "न्या ताई. आता फाइल कुणासाठी लावायची?"

दुसऱ्या दिवशी एकला वडील वही उघडून बसले. रेडिओ नुसता खरखरत होता. त्यांनी आवाज वाढवून पाहिला. "बाई, माझ्या छकुलीला काही झालं का हो?"

तिला राहवलं नाही. स्वयंपाकघराच्या दाराआड जाऊन तिने पर्समधला कागद काढला आणि त्याच ठेवणीतल्या आवाजात वाचायला लागली. बाहेर पेन्सिल चालू लागली तसा तिचा जीव भांड्यात पडला. आता रोज असंच करायचं, तिने ठरवून टाकलं.

सातवी नदी झाली. वडिलांनी मागचं पान उलटलं, एकेका आकड्यावर बोट ठेवून ताडून पाहिलं.

"बाई, बंद करा तो रेडिओ," ते म्हणाले. "ही दुसरीच कुणीतरी आहे. कालचं पाणी आज सांगतेय. माझी छकुली असं कधी करायची नाही."

ती बाहेर आली आणि तिने रेडिओ बंद केला.