चार-सहा-चार अधिक चार-सहा-चार

“चौदा नाही गं बाई, अठ्ठावीस! पुन्हा मोज.”

“मोजली, बाबा. अठ्ठावीसच आहेत,” थांडेका कपाळावरचा घाम पुसत म्हणाली. “पण टॅबवरच्या या फॉर्ममध्ये रकाने तीनच आहेत. पुढची चाकं, मधली मोठी चाकं, मागची चाकं. चार, सहा, चार. झालं.”

“झालं कसं? हे काय साधं इंजिन आहे? पुढे एक गाडा, मागे एक गाडा आणि दोघांच्या खांद्यावर मिळून एक बॉयलर. चार-सहा-चार अधिक चार-सहा-चार! तो ‘अधिक’ कुठे गेला?”

“अधिकचं चिन्ह घेत नाही हो हा. लाल होतो.”

एल्फास म्लोत्श्वाने कपाळाला हात लावला. बुलावायोच्या रेल्वे शेडमध्ये अडतीस वर्षं फिटर म्हणून हाडं झिजवली त्याने. लोक सोयऱ्याधायऱ्यांवर बोलतात तसा तो चाकांवर बोलायचा. चार-आठ-दोन म्हणजे तापट, दोन-आठ-दोन म्हणजे गरीब गाय. आणि ही समोरची, शेडमधले सगळे जिला गोगो म्हणजे आजी म्हणायचे, ती त्याने स्वतः तीनदा खोलून पुन्हा जोडलेली. निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली, तरी सकाळी उठून तो तिच्याकडेच येई. आता कुठलीशी जतन समिती आली होती, आणि यादी करायला तिने ही पोर, थांडेका, पाठवली होती. शुक्रवारपर्यंत त्यांच्या यादीत जे चढेल ते वाचणार, बाकीचं भंगारात. यादीत चौदाच चाकं लागली, तर उरलेली चौदा बेवारशी ठरणार, एवढं त्याला कळत होतं. समितीला ते कळत नव्हतं, हेच तर दुखणं होतं.

“तुमच्या साहेबाला फोन लाव.”

“लावला होता. ते म्हणाले, फॉर्म बदलता येत नाही, इंजिनात काही बदलता येतं का बघा.”

“वा रे शहाणा!” एल्फासचं डोकंच फिरलं. “मग दोन इंजिनं लिही! पहिलं चार-सहा-चार, दुसरं चार-सहा-चार. दोन ओळींत बसव, पण अख्खी बसव माझी बाई!”

थांडेकाचा चेहरा उजळला. तिने भराभरा बोटं चालवली. फॉर्म हिरवा झाला.

त्या दिवशी एल्फास घरी छाती काढून गेला. बायकोला सगळं रंगवून सांगितलं. ती म्हणाली, “एवढी अक्कल घरात वापरली असतीत तर छप्पर गळलं नसतं.” पण पानात मक्याच्या उकडीबरोबर मटणाचा जास्तीचा तुकडा वाढला.

तीन आठवड्यांनी लव्हमोर आला. हा भंगारवाल्या ठेकेदाराचा मुकादम. सोबत लोखंड कापायला गॅसच्या टाक्या, चार माणसं, ओढायला डिझेल इंजिन आणि समितीचा कागद. एकाच प्रकारची दोन इंजिनं असल्यास एक जतन करावं, दुसरं मोडीत काढावं.

एल्फासने कागद दोनदा वाचला आणि थांडेकाला फोन लावला.

“बाबा, तुम्हीच तर सांगितलंत दोन लिहायला...” तिचा आवाज रडवेला झाला होता. “मी दुरुस्तीचा अर्ज करते आजच. पण सहा आठवडे लागतात.”

“डिझेल इंजिन आजच्याच दिवसापुरतं मिळालंय, बाबा,” लव्हमोर पाय बदलत म्हणाला. “तुम्ही जाणकार. सांगा, कुठलं ठेवू? पुढचं की मागचं?”

“गाढवा! माणसाला विचारतोस का कधी, कंबरेच्या वरचं ठेवू की खालचं?”

लव्हमोर तर पोटासाठी आलेला माणूस, त्याच्यावर ओरडून काय होणार? आणि ओरडायचं तर स्वतःवरच. ज्या तोंडाने वाचवायला गेलो त्याच तोंडाने घालवली. एल्फासला आपल्या जिभेची भयंकर चीड आली.

एका माणसाने गॅस पेटवला, तसा एल्फास पुढे झाला.

“विझव. कापायचं नाही. मागचा गाडा मी सोडवून देतो.”

दुपार कलेपर्यंत तो मागच्या गाड्याच्या सांध्याखाली आडवा पडून होता. बॉयलरची मागची बाजू जॅकवर उचलून लाकडी स्लीपरच्या चवडीवर टेकवली. कोळशाची पेटी गाड्याबरोबरच जाणार होती. शेवटचा बोल्ट निघाला.

डिझेल जोडलं गेलं. लव्हमोरने हात वर केला.

“थांब,” एल्फास म्हणाला. तेलाचं भांडं घेऊन तो एकेका चाकाशी वाकला, आसाच्या पेटीचं झाकण उघडून तेल भरू लागला. एक बाजू झाली, तसा कण्हत दुसऱ्या बाजूला गेला.

“बाबा, भट्टीत जायचंय ते. आता तेल कशाला?”

“भट्टीत गेल्यावर तुझं. फाटकापर्यंत माझं आहे. कोरडं नाही चालवायचं.”

लव्हमोरने हात खाली घेतला आणि चाकं संपेपर्यंत उभा राहिला. मग गाडा हलला. इतक्या वर्षांनी, पण जराही कुरकुरला नाही. एल्फास फाटकापर्यंत त्याच्या बरोबरीने चालत गेला.