अंगावर घेतलेला चेंडू

गेलन रायमरने तव्यावरचा पॅनकेक उलटला आणि मान वर केली, तर रांगेतला माणूस थाळी पुढे न करता त्याच्याकडेच बघत उभा होता. साठी ओलांडलेला, अंगाने भरलेला. डावा डोळा काचेचा.

"ओळखलं नाहीस ना? मी डॉयल केसिंजर. तुझा चेंडू खाल्लेला."

गेलनच्या हातातलं उलथनं तव्यावर टेकलं ते तिथेच राहिलं.

वसंतातल्या गावच्या न्याहारीसाठी अग्निशमन केंद्रातले बंब बाहेर काढून आत बाकं मांडली होती. शेजारी गेलनची बायको व्हर्ना सॉसेज वाढत होती. तिला ते नाव ठाऊक होतं. लग्नाआधी गेलनने एकदाच सांगितलं होतं. पुन्हा तो विषय तिने काढला नाही, त्याने तर नाहीच.

कॉलेजात असताना बेसबॉलमध्ये गेलनच्या हाताला तोड नव्हती. तो चेंडू टाकणार म्हटलं की आजूबाजूच्या गावांतली दुकानं दुपारीच बंद व्हायची. मोठ्या लीगचे पारखी कुंपणाला टेकून बसलेले असायचे. शेवटच्या वर्षी त्याचा एक चेंडू या डॉयलच्या चेहऱ्यावर बसला. पुढे मोठ्या लीगच्या संघाशी करार झाला, पण गेलनला फलंदाजाच्या अंगालगत चेंडू टाकणं काही केल्या जमेना. वेग तोच होता. चेंडू सुटताना मनगट मात्र आपोआप बाहेर वळायचं. फलंदाजांच्या ते लगेच ध्यानात आलं. खालच्या लीगमध्ये काही हंगाम बसगाड्यांतून हिंडून तो कॅन्ससला परतला आणि धान्याच्या कोठारावर कामाला लागला.

उलथनं दुसऱ्याच्या हाती देऊन तो डॉयलसमोर बाकावर बसला.

"मुलीकडे विचिटाला चाललोय. पेट्रोल भरताना सहज तुझं नाव काढलं, तर तिथली बाई म्हणाली, रायमर? ते काय, पॅनकेक करपवतायत."

"डॉयल," गेलन म्हणाला, "तुझा डोळा..."

"त्याचं काय घेऊन बसलास!" डॉयलने पाकाची बाटली पॅनकेकवर उपडी धरली. "अरे, आमच्या कोचने बजावलं होतं, या पोराचा चेंडू मारणं तुमच्या बापाला जमायचं नाही, तेव्हा अंगावर घ्या. चेंडू लागला की पहिला बेस फुकट. मी कोपर पुढे करायला वाकलो, ते जरा जास्तच वाकलो. तुझा चेंडू सरळ होता रे. आजोबा हावरटपणात डोळा घालवून बसले, असं नातवंडं चिडवतात मला."

गेलनने कॉफीचा पेला बाजूला सरकवला.

"एका परीने बरंच झालं. खेळ सुटला, गुरांचा डॉक्टर झालो, मजेत आहे." डॉयलने काटा खाली ठेवला. "पण तुझं काय बिनसलं? कितीतरी वर्षं मी पेपरात तुझं नाव शोधायचो. दिसलं असतं तर लोकांना सांगितलं असतं, यानेच फोडला माझा डोळा म्हणून. आमच्या वेळचा सगळ्यात भारी हात तुझा."

तो खरोखरच विचारत होता. चांगल्या डोळ्यात नुसतं कुतूहल होतं.

"खांदा," गेलन म्हणाला. "खांदा गेला."

"अरेरे. उजवा?"

"उजवाच."

"असंच होतं बघ. देव एका हाताने देतो आणि खांद्यापासून काढून घेतो."

व्हर्ना कॉफीचं भांडं घेऊन मागे उभी होती. चाळीस वर्षांच्या संसारात त्या खांद्याने एकदाही कुरकुर केलेली तिला आठवत नव्हती. तिने डॉयलचा पेला भरला, मग गेलनचा.

"थंडीत अजून ठणकतो त्याचा," ती म्हणाली आणि पुढच्या बाकाकडे वळली.