बुटांची सरळ रांग

जर्मनीत कोलोनला मुलाकडे येऊन पद्माकररावांना तीन आठवडे झाले होते, आणि तीन आठवडे ते फक्त बोलणी खात होते. रविवारी आवाज करायचा नसतो आणि त्यांनी काचेच्या बाटल्या टाकल्या, बोलणी. रस्ता मोकळा दिसला म्हणून लाल दिव्यात ओलांडला, पुन्हा बोलणी. "बाबा, पाटी वाचत जा ना!" हे समर्थचं पालुपद. जन्मभर शाळेत पी.टी. घेऊन पोरांना सरळ केलेला माणूस, आणि आता पोटचा पोरगा त्यालाच सरळ करत होता. परवा परतीचं विमान. त्याआधी एकदा, फक्त एकदाच, समर्थला आपल्या शिस्तीत आणायचं, एवढीच त्यांची इच्छा उरली होती.

आज ते, बायको मालिनी आणि समर्थ असे तिघं गाडीसकट बोटीने उत्तर समुद्रातल्या एका बेटावर आले होते. जुन्या शेतघराच्या संग्रहालयात, लाकडी जमीन जपायची म्हणून, दारातच सगळ्यांना बूट काढायला लावले. "बघा, नियम म्हणजे नियम!" समर्थ खूश. मग आठशे वर्षांचं पहिलं चर्च आलं. देवाचं दार पाहून पद्माकररावांनी सवयीने बूट काढले.

"बाबा, इथे नाही काढत! लोक बघतायत."

त्यांनी निमूट बूट चढवले, पण राग काही गेला नाही.

दुसऱ्या चर्चपाशी समर्थ गाडी लावायला गेला. तेवढ्यात पर्यटकांची एक बस आली. पद्माकररावांनी बायकोला डोळा मारला.

"मालिनी, काढ बूट."

"अहो, पुन्हा?"

"काढ तर."

दोन्ही जोड त्यांनी भिंतीला टाचा लावून काटेकोर ठेवले आणि गंभीर चेहऱ्याने आत जाऊन बसले. पहिले दोघं सरळ उभे केले की बाकीची रांग आपोआप लागते, हे त्यांनी पस्तीस वर्षं मैदानावर पाहिलं होतं.

बसमधली पहिली आजी दारात थबकली. रांगेकडे पाहिलं आणि वाकली. मग तिचा नवरा. मग सगळेच. तीसेक माणसं नुसत्या मोज्यांवर थंडगार फरशीवरून हिंडू लागली. पद्माकररावांना हसू आवरेना, त्यांनी नमस्काराच्या निमित्ताने तोंड झाकलं.

समर्थ धावत आत आला, बुटांसकट. आजीने बोट रोखलं. "शूए, बिट्टे!" बूट काढा, प्लीज!

तो लालबुंद झाला. मुकाट्याने नाड्या सोडल्या, बूट नेऊन रांगेच्या शेवटी नीट ठेवले आणि वडिलांशेजारी येऊन टेकला.

"बाबा, इथे काढायचे असतात?" त्याने हळूच विचारलं.

"पाटी वाचत जा रे," पद्माकरराव म्हणाले.