थंड इंजिनाचा आवाज

"दादा, रोज सकाळी चावी फिरवली की डब्यात खिळे घालून हलवल्यासारखा खडखडाट होतो. तीन-चार सेकंद. मग एकदम गप्प. दिवसभर परत ब्र नाही."

धाकटी बहीण गॅरेजच्या दारात गाडीला टेकून सांगत होती. ती शाळेच्या मुलांची ने-आण करायची. सहा मुलं आणि एक जुनी गाडी. नवरा गेल्यापासून तिचं घर त्या चार चाकांवरच चाललं होतं.

दादा तिचा थोरला भाऊ. तीस वर्षं इंजिनांत हात घातलेला माणूस. गाडी वळणावर असतानाच तो आवाज ऐकून कुठला पाना लागेल ते सांगतो, असं आजूबाजूचे लोक म्हणायचे. त्यात थोडं मीठमसाला होता, पण फार नाही.

"गरम इंजिन काही बोलायचं नाही," तो म्हणाला. "आज इथेच ठेव. उद्या सकाळी लवकर ये, थंड असताना बघू."

दुसऱ्या दिवशी ती आली. दादाने बॉनेट उघडलं, लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवलं, मूठ कानाला लावली आणि म्हणाला, "मार."

तिने चावी फिरवली. इंजिन थरथरलं ते त्याच्या हाताला कळलं. कानात मात्र नुसती घरघर आली, भिंतीपलीकडून यावी तशी.

दोन वर्षांपूर्वी कानाच्या डॉक्टरने त्याला स्पष्ट सांगितलं होतं, "बारीक, टोकदार आवाज तुमचे गेलेत. जाडेभरडे उरलेत. यंत्र लावून घ्या." तपासणीचा कागद त्याने सुट्या भागांच्या खणात तळाशी सरकवून दिला. कानात यंत्र घातलेल्या मेकॅनिककडे कोण गाडी आणेल? झाकली मूठ सव्वा लाखाची. घरी बायको म्हणायची, "तुम्ही टीव्ही लावलात की शेजाऱ्यांना त्यांचा लावावा लागत नाही." तो हसून वेळ मारून न्यायचा.

"ऐकलंस ना?" गाडीतून बहिणीने विचारलं.

"ऐकलं," तो म्हणाला.

मग तो गाडीखाली शिरला. सायलेन्सरच्या नळीवरचा, उष्णता अडवणारा पत्रा हाताने हलवून पाहिला. तो खरंच सैल होता. त्याला इतकं हायसं वाटलं की पुढे काही बघायचं सुचलंच नाही. पट्टी घालून त्याने पत्रा आवळला. "हा वाजत होता. जा निर्धास्त."

दोन दिवसांनी तिने फोन केला. "आवाज आहे अजून. पण कमी झालाय बहुतेक."

"मग होईल बंद."

समोरच्या गॅरेजवाल्याला नुसतं 'जरा ऐकून बघ' म्हटलं असतं, तर त्याने मिनिटात सांगितलं असतं. दादाच्या ते मनात आलंही होतं. पण ज्याला आपण कालपर्यंत शिकवत होतो, त्याच्यापुढे आपलेच कान काढून कसे ठेवायचे?

तीन आठवड्यांनी, पुलाच्या चढावर, मुलं गाडीत असताना इंजिन एका झटक्यात बंद पडलं. मागून येणारा टेम्पो थांबायच्या आत धडकला. बहिणीचं मनगट मोडलं. मागच्या सीटवरच्या सगळ्यात लहान मुलीचा गळ्याजवळचं हाड मोडलं. डॉक्टर म्हणाले, जुळेल. तिच्या आईला मात्र तेवढं पुरेसं नव्हतं, आणि का असावं? आठवडा संपेपर्यंत सहाही घरांनी मुलं दुसऱ्या गाडीला लावली.

गाडी ओढून दादाकडेच आणली. त्याने इंजिनाचं पुढचं झाकण काढलं आणि पाहत राहिला. व्हॉल्व्हची वेळ सांभाळणारी आतली साखळी चाकाच्या दातांवरून घसरली होती. तिला ताणून धरणारा तेलाच्या दाबावरचा दट्ट्या निकामी झाला होता, प्लॅस्टिकची पट्टी तुटून तेलात पडली होती. तेल वर चढेपर्यंत सैल साखळी झाकणावर आपटत होती. रोज सकाळी, तीन-चार सेकंद. शिकाऊ माणसानेही ओळखावा असा आवाज. वर व्हॉल्व्ह वाकले होते.

संध्याकाळी तो बहिणीकडे गेला. ती प्लॅस्टरचा हात उशीवर ठेवून बसली होती.

"गाडीचा दोष नव्हता, ताई," तो म्हणाला. लाडात आला की तो धाकटीलाच ताई म्हणायचा. आज ते तोंडातून निसटलं. "मला तो आवाज ऐकूच आला नव्हता."

"म्हणजे?"

"कान गेलेत माझे. दोन वर्षं झाली."

 ती म्हणाली, "मी तुला विचारलं होतं. ऐकलंस ना, म्हणून. 'नाही' म्हणायला काय लागत होतं रे?"



"ती पोर ओरडली ते अजून माझ्या कानात आहे," ती म्हणाली. "जा तू आता."

त्याने इंजिन पूर्ण उघडलं. नवी साखळी, नवा दट्ट्या, नव्या पट्ट्या, व्हॉल्व्ह, सगळं. साखळीच्या आणि चाकांच्या खुणा तीनतीनदा जुळवल्या. एक रात्र इंजिन थंड होऊ दिलं आणि सकाळी समोरच्या गॅरेजवाल्याच्या दारात जाऊन उभा राहिला. "जरा येतोस? मला ऐकू येत नाही."

तो आला. एका शब्दानेही त्याने काही विचारलं नाही. तीनदा सुरू करून म्हणाला, "स्वच्छ आहे, दादा."

प्लॅस्टर निघाल्यावर बहीण गाडी न्यायला आली. तिने चावी फिरवली आणि हात स्टिअरिंगवर ठेवून बसून राहिली. दादा तिच्या चेहऱ्याकडे पाहत होता.

"गेला का आवाज?"

"गेला," ती म्हणाली, आणि गिअर टाकला.

शाळेच्या दारात तिला पुन्हा कोणी मूल दिलं नाही. ती आता एका गोदामात खोकी बांधते. गाडी घरासमोर उभी असते. मध्ये तिचं तेल बदलायचं होतं, तेव्हा ती समोरच्या गॅरेजमध्ये घेऊन आली. दादा आपल्या दारात टायर काढत बसला होता. इंजिनाचं काम त्याने सोडलं होतं. तिने त्याला पाहिलं, मान हलवली, आणि गॅरेजवाल्याशी काहीतरी बोलू लागली. काय ते त्याला कळलं नाही.