मुद्देमालातला हंडा

मित्रांनो, मी एक जुना जर्मनचा, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचा, हंडा आहे. बुडाला भोक आहे, कानाशी लाखेचा डाग आहे. तरी मला भंगारात काढायची घाई करू नका.

चैतीबाईनं मला मार्कंड्याच्या जत्रेतून डोक्यावर घेऊन गावी आणलं. तिच्या चुलीवर मी आंबील शिजवली, बाळंतिणींचं पाणी तापवलं आणि पितरांना धार सोडायची म्हणून वर्षातून एकदा मोहाची दारूही काढली. जिल्ह्यात दारूबंदी आहे हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. पण ते पितरांना कोण सांगणार?

पुढे चैतीबाई गेली. तिला पितरांत मिळवायच्या दिवशी तिचा नवरा झिंगू मला चुलीवर चढवून बसला होता, तेवढ्यात पोलीस आले. दारू सांडली आणि कानाशी लाखेचं सील लावून मी मुद्देमाल म्हणून जप्त झालो.

ठाण्याच्या मालखान्यात मी कित्येक पावसाळे काढले. माझ्यात पाली राहू लागल्या. चूल आठवली की जीव कासावीस होई. बाहेर कोर्टाच्या तारखांवर तारखा पडत होत्या. जप्तीचा पंच बुधू कोर्टात म्हणाला, मला काही आठवत नाही. कसं आठवेल? त्या दिवशी पहिला पेला त्यानंच घेतला होता. झिंगूचे प्रफुल वकील खूश झाले. त्यांनी झिंगूला बजावलं, की हंडा माझा नाही एवढंच म्हण, सुटशील. झिंगू वाटभर तेच घोकत आला.

मग मला कोर्टाच्या टेबलावर ठेवलं. माझ्या काठाला एक पोचा आहे, जत्रेहून येताना चैतीबाई ठेचाळली तेव्हाचा. झिंगूचा हात आपसूक त्या पोच्यावर गेला.

"मॅडम, हंडा माह्याच आहे. माह्या बाईनं आणला. त्याले माहा नाई कसा म्हणू?"

वकिलांनी कपाळाला हात लावला. न्यायाधीश मॅडमनी झिंगूला शांतपणे समजावलं, की कबूल केलंत तर शिक्षा होईल.

"होऊ द्या. पण हंडा भेटल का?"

मॅडमनी थोडा दंड आणि कोर्ट उठेपर्यंत बसून राहायची शिक्षा सुनावली. हंडा पुन्हा भट्टीवर चढणार नाही असा करून परत द्यावा, असंही सांगितलं. झिंगू संध्याकाळपर्यंत बाकावरून पाण्यालाही उठला नाही. अपिलाची मुदत सरल्यावर पोलिसांनी छिन्नीनं माझ्या बुडाला भोक पाडलं. दुखलं, खोटं कशाला बोलू? झिंगूनं मला डोक्यावर घेऊन घरी नेलं, चैतीबाईनं आणलं होतं तसंच.

मित्रांनो, कायदा पाळा. पण कुणाच्या भांड्याला मुद्देमालाचा नंबर लावण्याआधी, त्यात आणखी काय काय शिजलं होतं हेही एकदा विचारा.

आता दारू निघत नाही. पितरांच्या दिवशी झिंगू मला चैतीबाईच्या नावानं उभ्या केलेल्या दगडावर धरतो आणि माझ्यात तांब्याभर पाणी ओततो. त्या भोकातून तिच्यासाठी धार पडते.