घरात बाई हवी

मी मत्सरी आहे. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी डोळे वटारायला नको.

ऑस्ट्रेलियातल्या पॅरामाटाला कैदी बायकांना ठेवायच्या फॅक्टरीत लग्नाळू पुरुष यायचे. आम्हाला ओळीनं उभं करायचे. पसंत पडलेल्या बाईपुढे पुरुषानं रुमाल टाकायचा, तिनं उचलला की लग्न ठरलं. सायलस लाकूडकाप्यानं माझ्यापुढे टाकला तेव्हा शेजारची पेग पुटपुटली, "ओनोरा, उचल गं, नाहीतर मी उचलते!" मी झडपच घातली. चाळीस जणींतून मी! आठवडाभर पाय जमिनीवर नव्हते.

मग कळलं. पहिली बायको हेस्टर वारल्यावर त्यानं दोन्ही पोरी सरकारी अनाथशाळेत ठेवल्या होत्या. परत मागायला गेला, तर शाळेची कमिटी म्हणाली, आधी घरात बाई आण. म्हणून त्यानं बाई आणली.

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. उठता-बसता हेस्टर! हेस्टरचा पाव असा फुगायचा, हेस्टर चूल अशी पेटवायची. बाई मरून तीन वर्षं झाली तरी घरातून हलेना. आणि पोरींसाठी त्यानं नवी खाट केली, हात फिरवून फिरवून गुळगुळीत घासली. माझं स्टूल डुगडुगत होतं, ते तसंच.

कमिटी बसायच्या दिवशी तिथल्या पाद्रीसाहेबांनी मला एकटीला आत बोलावलं. उघड्या दारातून व्हरांडा दिसत होता. तिथे त्याच्या पोरी, थोरली टॅमसिन आणि धाकटी डॉर्कस, उभ्या होत्या, शाळेचे कपडे उतरवून घरचे घातलेले, हातात गाठोडी. थोरलीचा चेहरा सायलसशी जराही जुळत नव्हता. म्हणजे तोंडवळा त्या बाईचा. आता हाच चेहरा रोज माझ्या चुलीपुढे बसणार!

"बाई, घरात काही अडचण? मोकळेपणी सांगा," पाद्रीसाहेब म्हणाले.

"दारू पितो हो तो," मी म्हणाले. "रोज. हात उचलतो."

शनिवारी एक पेला रम, एवढंच त्याचं पिणं. हात उचलणं सोडाच, त्यानं माझा हात कधी धरलाही नव्हता.

"बरं झालं सांगितलंत. तुमचं नाव येणार नाही. वर्षभरानं पुन्हा बघू."

बाहेर मेट्रनबाईंनी पोरींची गाठोडी मागितली. डॉर्कसनं दिलं. टॅमसिन सोडेना, एकेक बोट सोडवावं लागलं.

"बाबा, मी काय केलं?" तिनं विचारलं.

पाद्रीसाहेबांनी सायलसला एवढंच सांगितलं, दारूची तक्रार आहे, पोरी वर्षभर इथेच राहतील.

वाटेत सायलस म्हणाला, "दारू म्हणे! कोणी सांगितलं असेल गं?"

"असेल कुणी जळकुकडा," मी म्हणाले.

घरी येताच त्यानं रमची बाटली दाराबाहेर ओतली आणि पहिल्यांदाच माझे दोन्ही हात धरले. "ओनोरा, तू साक्षीला आहेस. वर्षभर थेंब घेणार नाही. पुढच्या वेळी तूच सांग त्यांना. तुझं ऐकतील ते."

"सांगेन," मी म्हणाले.

तो माझ्या खांद्यावर डोकं ठेवून हुंदके देऊन रडला. मी त्याच्या केसांतून हात फिरवत होते आणि, देव मला क्षमा करो, मनात म्हणत होते, एक वर्ष. एक वर्ष तरी हा माझा.