खंडेनवमीचा नारळ

नम्रताच्या हार्ड डिस्कमधून टक टक आवाज आला. ऋत्विकने लगेच वायर काढली.

"सारखी लावून बघू नकोस. दरवेळी थोडी थोडी मरतेय ती."

नम्रता लग्नांची शूटिंग करायची आणि ऋत्विकचं मारुती मंदिराजवळ कम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. डिस्कचा घात मात्र नम्रताच्या भक्तीनेच केला होता. खंडेनवमीला लोक कोयते पुजतात, गाड्या पुजतात. हिने कॅमेऱ्याशेजारी डिस्कही पाटावर मांडली, हळदकुंकू वाहिलं आणि नारळ तिथेच फोडला. पाणी उडालं. पुसून उन्हात ठेवलं की झालं, असं तिला वाटलं. एकच प्रत ठेवून कॅमेऱ्यातलं कार्ड कोरं करायची हुशारीही तिचीच.

त्या डिस्कमध्ये वेदिकाचं हेदवी गावातलं लग्न होतं. मे महिन्यातलं, आणि नम्रताचं एडिटिंग अजून "चालूच". परवा भातकापणीत वेदिकाचे वडील, सखारामदादा, छातीत कळ येऊन गेले. गावातल्या कार्यात देवाला गाऱ्हाणं घालायचं ते त्यांनीच, आणि त्यांच्या प्रत्येक मागण्यावर सगळ्या मांडवाने "व्हय म्हाराजा" म्हणायचं. लेकीच्या लग्नातही त्यांनीच घातलं होतं.

"बाबांचा आवाज दुसरीकडं कुठंच नाय गं," वेदिका फोनवर म्हणाली होती. नम्रता घाबरून बोलून गेली, "ये की, तयार आहे."

आणि आज ती येत होती.

ऋत्विक खराब जागा सोडून देत डिस्कची नक्कल उतरवत होता. पडद्यावरचा टक्क्यांचा आकडा मध्येच अडला की नम्रता मनात विनवी: देवा, पैसे बुडू देत, धंदा बुडू दे, पण तिला नाही म्हणायची वेळ आणू नको.

तेवढ्यात वेदिका दुकानाच्या दारात उभी राहिली. नम्रताला खोटं सुचेना. तिने नारळापासून सगळं सांगून टाकलं. वेदिका नुसती स्टुलावर बसली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

नक्कल संपली. लग्नाची फाइल उघडेना. त्याच कॅमेऱ्याची एक धड फाइल नमुन्याला घेऊन ऋत्विकने लग्नाची तुटकी फाइल जुळवायला लावली. पडद्यावर हिरवे चौकोन आले.

"चित्र गेलं," तो हळू म्हणाला. "आवाज बघतो."

खरखर झाली आणि तिच्यातून सखारामदादा बोलू लागले.

"बा देवा म्हाराजा, आज तुज्या लेकराच्या घरात कार्य उभा ऱ्हायलाय..."

"व्हय म्हाराजा," मांडव म्हणाला.

"माजी पोर परक्या घरी चाललीय. तिला सांभाळून घे, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"आनि हितं राबनारा आचारी, वाजपी, ती शूटिंगवाली पोर, कुनाच्या हातून काय चुकलामाकला असंल, तर पदरात घे, म्हाराजा."

आवाज तुटला. फाइल तिथेच संपली होती. ऋत्विकने मागेपुढे करून पाहिलं; मांडवाचं उत्तर काही आलं नाही.

नम्रताची मान वर होईना. उत्तराविना गाऱ्हाणं पुरं होत नाही, हे तिलाही ठाऊक होतं. पण ते द्यायची तिची छाती नव्हती.

वेदिकाने पदराने डोळे पुसले आणि पडद्याकडे बघत ती म्हणाली, "व्हय म्हाराजा."